मेंढ्याच्या पायांची भोकं

इंजिन खोकलं आणि गप्प झालं. गुन्वोरनं मागे पाहिलंच नाही. तिनं आधी शेरिंगाकडे पाहिलं. शेरिंगा म्हणजे म्हातारी, पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. लाट ओसरली की तिचं काळं टाळकं वर यायचं, मग नुसता फेस. वारा होडीला सरळ तिच्याकडे ढकलत होता.

"इंजिनाच्या पंख्यात दोर अडकलाय," तिचा थोरला भाऊ एडविन मागून म्हणाला. "कुणाच्या तरी खेकड्याच्या सापळ्याचा. मेल्यांना दोर सांभाळता येत नाहीत."

"निघतोय का?"

"सुरी पोचत नाही."

होडीच्या तळाशी पाय बांधून टाकलेल्या पाच मेंढ्या आणि एक मेंढा. थंडीच्या आधी बाहेरच्या बेटांवरची जनावरं घरी आणायची, ही या किनाऱ्याची रीत. दुपारनंतर समुद्रात राहू नका, असं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं. दुपारला अवकाश आहे, असं एडविननं सांगितलं होतं. गुन्वोरनं ऐकलं एडविनचं.

तिनं वायरलेसवर बचावबोटीला हाक दिली. निघालोय, अर्धा तास धरा, असं उत्तर आलं. अर्धा तास त्यांच्यापाशी नव्हता. तेवढ्यात लाट आडवी आदळली, होडी कलली, मेंढ्या एका अंगाला घसरल्या आणि बर्फासारखं पाणी आत आलं. अशी आणखी एक आली की होडी पालथी.

"कापडी नांगर काढ," ती म्हणाली.

मोठ्या नरसाळ्यासारखं ते जाड कापड. लांब दोराला बांधून पुढच्या टोकावरून सोडायचं. पाणी भरलं की ते ओढ धरतं, होडीचं तोंड लाटेकडे राहतं, वाहून जाणं मंदावतं. त्यांचे वडील याच पाण्यात गेले, त्यानंतर तिनंच ते आणलं होतं.

एडविन जागचा हलला नाही.

"कुठाय ते?"

"मेंढ्याखाली."

तिनं कापड ओढून काढलं. लेंड्यांनी बरबटलेलं, आणि त्याला चार भोकं. सुरीनं कापलेली, वर कडा दोऱ्यानं नीट शिवलेल्या.

"मेंढा होडीत चढवायला झोळी केली त्याची," एडविन म्हणाला. "पाय त्यातून बाहेर. माझी कंबर तुला ठाऊकच आहे. आणि ते नुसतं पडूनच असायचं गं."

"पडून राहण्यासाठीच असतं ते, गाढवा."

ओरडावंसं तिला वाटलंच नाही. रागाला अंगात जागा उरली नव्हती, सगळी भीतीनं घेतली होती. शेरिंगाचा घुमणारा आवाज आता छातीत ऐकू येत होता.

"मेंढ्याच्या पायांची दोरी सोड. मला हवीय."

"उभा राहील तो. होडी उलटवेल."

"मग बस त्याच्यावर."

एडविन मेंढ्यावर बसला. तिनं दोरीचे तुकडे केले, भोकाभोवतीचं कापड मुठीत गोळा केलं आणि पोत्याचं तोंड आवळावं तसं बांधलं. एक. दुसरं. बोटं लाकडाची झाली होती. तिसऱ्याची गाठ तिनं दातांनी ओढली. चौथ्याची बसेना.

"टाक आता," एडविन म्हणाला. आवाज लहान मुलासारखा चिरका.

तिनं टाकलं. दोर सरसर गेला आणि काहीच झालं नाही. मग तो ताठ झाला, पाणी पिळत कुरकुरला, आणि होडीचं तोंड हळूहळू लाटेकडे वळलं. पुढची लाट त्यांच्याखालून निघून गेली. पण होडी मागे सरकतच होती, थोडी थोडी, आणि गुन्वोर त्या चौथ्या भोकाचाच विचार करत होती. ते फाटत असणार. दोर एकदा ढिला पडला. परत ताठ झाला. परत ढिला पडला, आणि या वेळी तसाच राहिला.

होडी आडवी होऊ लागली तेव्हा बचावबोट दिसली. तिच्यावरून फेकलेला दोर एडविननं मेंढ्यावर बसूनच झेलला. शेरिंगा इतकी जवळ होती की तिच्यावरचं शेवाळ दिसत होतं.

बंदरात लागल्यावर गुन्वोरनं नांगराचा दोर ओढून घेतला. टोकाला चिंध्या झालेलं कापड होतं. ती ते मांडीवर घेऊन बसली.

एडविननं चार मेंढ्या उतरवल्या, पाचवी उतरवली. मग मेंढ्याकडे पाहिलं, तिच्या मांडीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"दोन भोकं शाबूत असतील तर..."

तिनं कापडावरची मूठ आवळली. "उचल त्याला. कडेवर घे."

"माझी कंबर, गुन्वोर."

"कडेवर घे," ती म्हणाली.