आधी बयाणा, मग करंजी

घर विकायचं कारण माझी कंबर, हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा आठवून घ्यावं लागे. समोरून कुणी ओळखीचं आलं की एक हात पाठीवर ठेवायचा, "आई गं" म्हणायचं आणि मगच काय ते बोलायचं. एकदा चुकून डावीकडे हात ठेवला, तर चक्कीवाली म्हणाली, "भाभी, कल तो दाएँ में था."

कंबर माझी ठणठणीत आहे. दुखतात ते आमच्या ह्यांचे गुडघे. पण जयसिंहरावांचे गुडघे दुखतात असं म्हणायची सोय नव्हती. ज्या माणसाने वीजखात्यात उभी हयात खांबांवर चढण्यात घालवली, त्याला स्वतःच्या घराचा जिना चढवत नाही, हे तो कसं कबूल करणार? "मला काय झालंय?" असं म्हणत ते कठडा धरून वर येत. मग मी एक दिवस कंबर धरून बसले. "अहो, मला नाही हो होत आता हा जिना." ते लगेच म्हणाले, "मग आधी बोलायचं नाही का? तुझ्यासाठी घर विकू." माझ्यासाठी! मीही मान डोलावली. संसारात एकाने आजारी पडायचं असतं, ते पडले नाहीत तर आपण पडावं.

घर शिंदे की छावनीत. खाली बॅटऱ्यांचं दुकान आणि पिठाची चक्की, दोन्ही दुसऱ्यांची. वर आम्ही. मधे एकोणतीस दगडी पायऱ्या, एकेक अशी उंच, की बांधणाऱ्याला वर किल्लाच आहे असं वाटलं असावं. आणि मागच्याच गल्लीत शरच्चंद्रजींचं घर: दोन खोल्या, छोटं अंगण, लिंबाचं झाड, पायरी म्हणून एकसुद्धा नाही. ते मुलाकडे बंगळुरूला निघालेले. म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी होळीपर्यंत थांबतो. नंतर नाही जमणार. दाल बाजारातला एक जण गोदामासाठी मागे लागलाय." म्हणजे होळीच्या आत आमचं विकलं जायला हवं, नाहीतर लिंबाच्या झाडाखाली हरभऱ्याची पोती.

पुण्याहून सोनलचं, आमच्या मुलीचं, वेगळंच. "आई, तुम्ही इकडेच या ना यार! वहाँ रखा क्या है?"

काय ठेवलंय ते तिला फोनवर कसं सांगायचं? इथं मी बाड्यावर, म्हणजे बाजारात, जाऊन नुसती दोऱ्याची रिळं आणली, तरी घरी पोचेपर्यंत दोघी जणी विचारतात, काय शिवताय. टेम्पोवाला मी थांब्यावर दिसले नाही तर अर्धा मिनिट वाट बघतो. पुण्यात मी हरवले तर पोलिसांना सांगावं लागेल. इथं हरवायचंच म्हटलं तर आधी चार जणांना पटवावं लागेल.

पण घर विक्रीला कसं तयार करायचं, हे मात्र सोनलच शिकवत होती, फोन भिंतीकडे धरायला लावून. "पर्दे हटाओ. ते कपाट हटाओ. आणि ते तलवारवाले पणजोबा तर सबसे पहले."

"अगं, पणजोबांनी काय केलंय?"

"आई, घेणाऱ्याला ते त्याचं घर वाटलं पाहिजे. तुमच्या पणजोबांचं नाही."

पणजोबा उतरले. मागे भिंतीवर त्यांच्याच आकाराचा पांढरा चौकोन उरला, म्हणून रंग काढावा लागला. रंग फिकट बदामी, कारण सोनल म्हणाली तो कुणाला आवडत नाही असं होत नाही. माळ्यावरून अकरा पातेली, तीन बंद घड्याळं आणि सोनलच्या शाळेतली एकच चप्पल निघाली. जुना मिक्सर मी खाली दुर्गाला दिला. दुर्गा आमच्या दारासमोर ठेल्यावर इस्त्री करते, बाजूला तिची खाट असते आणि त्या खाटेवर आमचे हे रोज संध्याकाळी बातम्या ऐकत बसतात, असा माझा समज होता. मिक्सर गेला आणि तासाभरात गल्लीभर झालं: जाधव लोग जा रहे हैं. देऊन टाकलेल्या प्रत्येक पातेल्यामागे काहीतरी परत आलं. गाजराचा हलवा, बेसनाचे लाडू, एका घरून तर तेच पातेलं कढीने भरून. घर रिकामं करता करता माझं वजन दीड किलो वाढलं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. तरुण नावाचा दलाल होता. पोरगा हुशार, डोक्यावर गॉगल, तोंडात वेलदोडा. त्याने पहिलं जोडपं आणलं, ती दोघं कॉलेजात शिकवणारी. घर आवडलं, गच्चीवरून किल्ला दिसतो तोही आवडला. मी मटारच्या करंज्या आणल्या. त्यांनी खाल्ल्या. आणि यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आता खाल्लंत म्हणून सांगतो," हे म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं. पहाटे साडेपाचला. ती खोली पश्चिमेची, मे महिन्यात तिथे पापड तळायची गरज नाही, नुसते ठेवायचे. गच्चीवर माकडं येतात. एक लंगडं आहे, त्याच्यापासून सांभाळून."

आमच्या घराण्याचा हा नियमच. शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले लोक आम्ही. तलवारी गेल्या, पगार गेले, नियम तेवढा राहिला: आलेला माणूस उपाशी जाता कामा नये आणि आपल्या घरचं खाल्लेल्याला फसवता कामा नये. घर विकताना या दोन गोष्टी एकाच दिवशी पाळल्या, तर घर विकलं जात नाही, एवढंच.

जोडपं गेलं. नंतर औषधांचा दुकानदार आला, चार करंज्या खाऊन गेला. त्याला लग्नसराईतल्या बँडबद्दल आणि नाल्याबद्दल कळलं. एक कंत्राटदार आला, त्याला तर यांनी भिंतीची ओल हात लावून दाखवली, नव्या बदामी रंगाखालची. मी खूप सोसून रंगवून घेतली होती ती ओल.

तरुण मला जिन्यात गाठून म्हणाला, "आंटी, मेरी एक बात मानो. पहले बयाना, फिर करंजी."

"असं कसं? विसाराची रक्कम हातात पडेपर्यंत आलेल्याला काय कोरडं बसवायचं?"

"तो पानी पिला दो!"

"पाण्याचं तर ते पहिल्यांदा सांगतात, बाबा. साडेपाचला येतं म्हणून."

एक गोष्ट मात्र तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर माझ्या लक्षात आली. हे ओल सांगत, नाला सांगत, लंगडं माकड सांगत. जिन्याचं एका शब्दाने सांगत नसत. सगळ्या घराची बदनामी केली, त्या एकोणतीस पायऱ्यांची तेवढी इभ्रत राखली.

होळीला चार दिवस उरले. शरच्चंद्रजींचा निरोप आला की व्यापारी फीत घेऊन अंगण मोजून गेला. मी त्या रात्री यांना म्हटलं, "अहो, उद्या शेवटचं गिऱ्हाइक. उद्या तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"आणि खाल्लं त्यांनी तर?"

"तरी नाही. माझ्या कंबरेकडे बघा जरा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं. गप्प बसतो."

दुसऱ्या दिवशी तरुण उषाताईंना घेऊन आला. निवृत्त नर्स, पासष्टीच्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. पंधराव्या पायरीवर थांबल्या, चोविसावीवर पुन्हा थांबल्या, आणि वर आल्या त्या खुर्चीवर बसून गुडघा दाबतच. त्यांच्याबरोबरची मुलगी खाली स्कूटर लावायला जागा शोधत होती.

उषाताईंनी दोन्ही खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. "छान हवेशीर आहे. भाव तरुणने सांगितलाय, मला पटला." तरुणने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आता श्वासही घेऊ नका. मी घेतला नाही. पण ताटली हातात होती. हंगामातला शेवटचा मटार होता तो. पुढे केली.

उषाताईंनी एक करंजी खाल्ली, दुसरी उचलली. "तुमची काही अडचण असेल घराची, तर आत्ताच सांगा हं. माझं वय झालं आता, नंतर भांडायला जमत नाही."

हे खिडकीबाहेर बघत होते. मग खोलीत. मग उषाताईंच्या हाताकडे, जो अजून गुडघा चोळत होता. मी मनात म्हटलं, हे ओल सांगतील. सांगू देत. ओलीवर काही उपाय निघेल.

"ताई, हे घर तुम्ही घेऊ नका," हे म्हणाले.

तरुणच्या तोंडातला वेलदोडा थांबला.

"पाणी-बिणी सगळं ठीक आहे, निघतं त्यातून माणूस. हा जिना तुम्हाला चढवणार नाही. मला चढवत नाही. मी पस्तीस वर्षं खांबांवर चढलो. आता बाजारातून आलो की खाली इस्त्रीवालीच्या खाटेवर अर्धा तास बसतो, मग वर यायची हिंमत होते. हिला वाटतं मी बातम्या ऐकत बसतो. रोज भाजी आणायची म्हटलं की मला आदल्या रात्री जिना दिसतो. कुणाला सांगितलं नाही मी. तुम्ही आमच्या घरचं खाल्लंत, म्हणून."

मला तर ताटली खाली ठेवायचंही सुचलं नाही. अर्धा तास! आणि मी वरून ओरडायची, चहा गार होतोय म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उपकाराची लाट आली की यांना काठ दिसत नाही. "तुम्ही असं करा," ते म्हणाले, "मागच्या गल्लीत शरच्चंद्रजींचं घर आहे. एक पायरी नाही. अंगण आहे, लिंबू आहे. तुमच्या गुडघ्यांना अगदी तेच योग्य. मी स्वतः दाखवतो चला."

"अहो!" मी एवढंच म्हटलं.

"अंकल!" तरुण म्हणाला. "वो तो आपका है!"

ह्यांच्या तेव्हा लक्षात आलं. चेहरा असा झाला, जसा चालू तारेला हात लागलेल्या माणसाचा होत असेल. पण शब्द मागे घेतला नाही. "असू दे," म्हणाले हळूच. "ताईंना गरज जास्त आहे."

उषाताई हसायला लागल्या. आधी बारीक, मग करंजी हातात धरून पार हलून. "अहो भाऊ, मला कुठं राहायचंय इथं! मी मुरारला राहते, तळमजल्यावर. हे माझ्या भाचीसाठी घेतेय. नवीन लग्न झालंय, भाड्याच्या खोलीत राहतात दोघं."

इतक्यात जिन्यात धडधड झाली. सोनिका, त्यांची भाची, दोन-दोन पायऱ्या घेत वर आली. धाप नाही, काही नाही. "मावशी, जिना भारीये! रोज का जिम फ्री!" मग आमचे चेहरे बघून, "क्या हुआ? कोणी गेलं का?"

"नाही गं," उषाताई म्हणाल्या. "एक गुडघा बाहेर पडला, तेवढंच." आणि यांच्याकडे वळल्या. नर्सचा आवाज काय असतो तो तेव्हा कळला. "भाऊ, दवाखान्यात दाखवलंत? नाही ना? लाजून गुडघा बरा झालेला मी चाळीस वर्षांत एक बघितला नाही. सोमवारी यायचं, मी बरोबर येते. आणि काय हो, खाली ती इस्त्रीवाली तर म्हणत होती की घर वहिनींच्या कंबरेमुळे विकताय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात आपोआप पाठीवर गेला. बहुतेक डावीकडे.

"हिच्या कंबरेला काय धाड भरलीय," हे म्हणाले. "परवा अख्खं कपाट एकटीनं सरकवलं हिनं. मी झोपल्याचं सोंग करून बघत होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी मेहनत घेत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, राहू दे."

मला हसावं की ताटली हाणावी कळेना. तोवर उषाताईंनी पर्समधून नोट काढून ताटलीतच ठेवली, करंज्यांच्या शेजारी. "हा बयाणा. बाकी कागद तरुण करेल." तरुण त्या ताटलीकडे, म्हणजे उलट्या क्रमाने घडलेल्या आपल्या धंद्याकडे, बघतच राहिला. मग त्यानेही एक करंजी घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी शरच्चंद्रजींकडे पक्कं सांगायला निघालो. हे जिना उतरले, मधे एकदा थांबले, आणि थांबलोय हे लपवलं नाही. खाली आल्यावर मी मागच्या गल्लीकडे वळणार, तर यांनी हात वर करून ई-रिक्षा थांबवली.

रिक्षावाल्याने पत्ता ऐकला आणि हसला. "दाऊ, इतना-सा तो है! दो मिनट में पैदल निकल जाओगे."

"घुटने खराब हैं, भैया," जयसिंहराव म्हणाले. खणखणीत आवाजात, खांबावरून खालच्या माणसाला ओरडून सांगावं तसं.

मग काय विचारता! चक्कीवाली पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि मोहरीच्या तेलात लसूण उकळायला सांगू लागली. बॅटरीवाला म्हणाला त्याच्या सासऱ्यांना मेथीने फरक पडला. रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली आणि मागे वळून आपल्या वडिलांच्या ऑपरेशनची हकिगत सुरू केली. हे प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होते, कितीदा लावायचं, जेवणाआधी की नंतर, असं विचारत होते. मी शेजारी बसले. शरच्चंद्रजी वाट बघत असतील, असं दोनदा म्हटलं, पण माझं कोण ऐकतंय.

शेवटी दुर्गा आली. तिने एका जुन्या चादरीची घडी केली होती, वरून इस्त्री फिरवून कडक गरम केलेली. रिक्षात हात घालून तिने ती यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाली, "दबाके रखो. लौटते में ठंडी हो जाए तो फिर दे देना."

यांनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली आणि डोळे मिटले. "चलो भैया," मीच म्हटलं.