वरून पडेल ते झेलणारं कापड

इस्त्री खाली आली ती सकाळी साडेदहाला. धारवाला आपल्या दुकानापुढे शिंप्याची मोठी कात्री चाकावर धरून बसला होता. ठिणग्या उडत होत्या, तेवढ्यात डोक्यावर टर्र आवाज झाला. दुकानापुढचं कापडी छप्पर फाडून इस्त्री खाली आली, पाण्याच्या पिंपावर आदळली आणि वायरीसकट कात्रीसाठी थांबलेल्या शिंप्याच्या पायाशी पडली. तिचं बूड अजून तापलेलं होतं. ओल्या फरशीवर ते चर्र वाजलं.

"चार बोटं इकडे असती तर माझं टाळकं फुटलं असतं," शिंपी म्हणाला.

"वरच्यांची आहे," धारवाला म्हणाला आणि वर न बघता कात्री पुसायला लागला.

दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण बायकोबरोबर राहायचा. सहा वर्षं झाली होती. गल्लीसाठी तो वरचा आणि ती वरची. वरचा अंगानं धिप्पाड, बोलायला गोड. जिन्यात भेटला की वाकून विचारायचा, "काय काका, बरं आहे ना?" आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याचं डोकं फिरलं की घरातली एखादी वस्तू गॅलरीतून खाली यायची. वस्तूच्या आधी आवाज यायचे. धारवाल्याला त्यांचा क्रम पाठ झाला होता: आधी त्याचा चढा सूर, मग भिंतीवर धप्प, मग तोंडात बोळा कोंबल्यासारखं तिचं रडणं. तेव्हा तो चाकाचा वेग वाढवायचा. त्या कर्कश आवाजात बाकीचं बुडून जायचं.

पाच मिनिटांनी वरची खाली आली. तिनं केस कानावर ओढून घेतले होते, पण सुजलेला कान काही लपत नव्हता.

"हातातून निसटली हो, काका," ती म्हणाली.

"सांभाळून गं," धारवाला म्हणाला. एवढंच. ती इस्त्री उचलून निघून गेली. शिंप्यानं घसा खाकरला आणि तोही कात्री घेऊन गेला.

दुपारी जेवताना धारवाल्याच्या बायकोनं विषय काढला. "अहो, आज इस्त्री आली, उद्या सिलिंडर येईल. चौदा वर्षांचं छप्पर ते, चाळण झालीय त्याची. एकदाचं दणकट कापड आणा."

"वरच्याशी बोलून बघू का?"

"बोला, आणि या मार खाऊन. त्यांचं ते बघतील. तुम्ही आपलं कापड बघा."

फाटका तुकडा काखोटीला मारून तो ताडपत्रीवालीकडे गेला. तिच्या पत्र्याच्या कारखान्यात कापडाचे ताके भिंतीला टेकून उभे होते आणि दोन मोठी शिलाई यंत्रं धडधडत होती. बाई पन्नाशीची, गाड्यावर ओझी वाहणाऱ्यासारखे दंड, कमरेला कात्री. तिचा भाऊ मापं घेत होता. तोही चाळिशी ओलांडलेला, अबोल.

"ऊन किती लागतं, दादा? पाऊस समोरून येतो की बाजूनं?"

"वरून."

"पाऊस वरूनच येतो."

"पाऊस नाही म्हणत मी."

तिनं तुकडा टेबलावर पसरला आणि भोकांवरून बोट फिरवलं. "उन्हानं विरलेलं कापड असं फाटत नाही. हे कशानं?"

"तव्यानं."

"आणि हे?"

"कुंडी. ते स्टुलाच्या पायाचं. आणि हे मोठं, इस्त्रीचं."

मग बाई एकेक ताका ओढून दाखवायला लागली. "हे सुती कॅनव्हास, तुमचं जुनं हेच. ओलं राहिलं की कुजतं. हे ॲक्रिलिक. रंग उडत नाही, हवा खेळती राहते, दुकानाला शोभा येते. पण एकदा चीर गेली की गेलीच. आणि हे ट्रकवर घालतात ते. आत पॉलिएस्टरची घट्ट वीण, दोन्हीकडून प्लास्टिकचा लेप. उन्हात गदमदेल, शोभा काडीची नाही, पण हत्ती नाचवा त्याच्यावर."

"नाचवून दाखवा."

तिनं तिन्ही कापडं पाइपाच्या चौकटीवर ताणून बांधली. भावानं शिडीवर चढून पाच किलोचं चौकोनी वजन एकेकावर सोडलं. कॅनव्हास तर फाटलंच. ॲक्रिलिक एका कोपऱ्यात उसवलं आणि कागदासारखं सरळ फाटत गेलं. तिसऱ्यावर वजन धप्पकन बसलं, वीतभर उडालं आणि बाजूला जाऊन पडलं. कापडावर ओरखडासुद्धा नाही. धारवाल्याच्या जिवात जीव आला.

"हेच द्या," तो म्हणाला.

बाईनं कात्रीला हात लावला नाही. "वरती घरात बाई आहे ना?"

"आहे."

"घरातल्या वस्तू संपल्यावर काय टाकील तो?"

धारवाल्याचे कान तापले. "ताई, मी कापड घ्यायला आलोय."

"कापड देतेच आहे." तिनं कात्री काढली आणि खर्रकन कापड कापत नेलं. "माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्या खाली छप्पर नव्हतं."

भावानं मान वर न करता कापडाची गुंडाळी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं छप्पर चढवायला आले. जुनं कापड उतरलं, नवं भिंतीकडच्या दांडीला पक्कं झालं. पुढच्या कडेच्या भोकांतून दोर ओवलेला होता. दोन टोकांना दोन शिड्या लावून बहीणभाऊ तो दोर ताणत होते, तेवढ्यात वर सुरू झालं. चढा सूर, मग धप्प. धारवाल्याचा हात सवयीनं चाकाच्या बटणाकडे गेला.

"दादा, चाक बंद राहू द्या," बाई शिडीवरून म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सगळं ऐकलं. काचा फुटल्या. फरशीवरून काहीतरी जड फरफटत आलं. मग, "जायचंय ना तुला? जा! इथूनच जा!" गॅलरीच्या कठड्यावरून वरचीचं डोकं उलटं बाहेर आलं, केस खाली लोंबले, आणि गळ्यावर त्याचा पंजा दिसला.

धारवाला उठला. टेबलावर धार लावलेल्या अकरा सुऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यातली एक उचलून तो जिना चढायला लागला आणि चौथ्या पायरीवर ती त्यानं टाकून दिली. हातात राहिली तर आपण ती चालवणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

दाराला आतून कडी होती. दोनदा खांदा मारल्यावर कडी स्क्रूसकट उखडली. आत सगळीकडे काचा, कपाट आडवं पडलेलं, भिंतीवर रक्ताचा हात उमटलेला. वरच्यानं मान वळवून पाहिलं.

"काका, घरातलं आहे हे. तुम्ही खाली जा," तो म्हणाला. जिन्यात बोलायचा त्याच गोड आवाजात.

धारवाल्यानं मागून त्याची कॉलर धरून ओढलं. वरच्याचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि दोन दात जिभेवर आले. पुढच्या क्षणी वरच्यानं त्याचा उजवा हात पकडून गॅलरीच्या दाराच्या चौकटीत धरला आणि दार आपटलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. धारवाला गुरासारखा ओरडला, पण मागे सरला नाही. उरलेल्या दातांनी त्यानं वरच्याचा दंड पकडला. त्या झटापटीत वरच्याचा गुडघा तिला लागला आणि कठड्यावर अर्धी लोंबकळलेली ती खाली गेली.

"दोर धर!" खालून बाई किंचाळली.

बहीणभाऊ शिडीवरून उड्या टाकून दोरासकट मागे रेलले. वरची कापडाच्या मधोमध आदळली. छपराचा समोरचा लोखंडी पाइप काडीसारखा वाकला. भाऊ रस्त्यावरून फरफटत गेला, त्याच्या तळहातांची सालं निघाली. पण कापडाचा एक धागा तुटला नाही. ती त्याच्या उतारावरून घरंगळली आणि खांद्यावर फुटपाथवर पडली.

वरच्यानं वाकून खाली पाहिलं. ती हलली. ते बघून तो जिन्याकडे धावला, आणि तो कशासाठी धावतोय हे धारवाल्याला उमगलं. त्यानं स्वतःला जमिनीवर झोकून दिलं आणि वरच्याच्या पायाला मिठी मारली. बुटाच्या लाथा बरगड्यांवर, कानशिलावर, मोडलेल्या हातावर बसत राहिल्या. वरच्यानं त्याला तसाच उंबऱ्याबाहेर ओढत नेला. पण मिठी सुटली नाही.

जिन्यात समोरून ताडपत्रीवाली आली, तिच्या हातात खिळे ठोकायचा हातोडा. तिनं त्याच्या गुडघ्यावर एकच घाव घातला. वरचा मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तिनं पुन्हा हातोडा उगारला, पण मागून धावत आलेल्या शिंप्यानं तिचं मनगट पकडलं.

"सोडा," ती म्हणाली. "एकदाच अजून."

शिंप्यानं सोडलं नाही. पोलीस येईपर्यंत तो तिचा हात धरून उभा राहिला.

दवाखान्यात वरची बाकावर बसली होती. गळ्याचं हाड मोडलं होतं, हात झोळीत. धारवाला हाताला प्लास्टर घालून बाहेर आला आणि बायकोला धरत तिच्यासमोर उभा राहिला.

"बरी आहेस ना गं?"

"काका, तुम्हाला ऐकू यायचं. तो ओरडायला लागला की तुमचं चाक जोरात फिरायचं. मला त्यावरून कळायचं, खाली माणूस आहे. आणि तो येणार नाही."

"अगं, पण त्यांनी आज जिवावर उदार होऊन..." धारवाल्याची बायको बोलायला लागली. त्यानं धड हातानं तिला थांबवलं.

"बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला. जीभ सुजल्यामुळे ते कुणाला नीट कळलं नाही.

कोर्टात तिनं दिवसभर जबानी दिली. दुसऱ्या दिवशी धारवाला उभा राहिला. वरच्याच्या वकिलानं विचारलं, "सहा वर्षं भांडण होत होतं म्हणता, मग एकदाही तक्रार कशी केली नाहीत? की काही झालंच नव्हतं?"

"सगळं झालं होतं. मला ऐकू येत होतं," धारवाला म्हणाला. "तक्रार केली नाही ती माझी चूक. ती तिच्या खात्यात घालू नका."

वरच्याला शिक्षा झाली. धारवाल्याची दोन बोटं कायमची आखडली. त्याच्याच्यानं बारीक कात्र्या होईनात, तेव्हा बायको शेजारी बसून ते काम शिकली.

वरची गाव सोडून निघाली तेव्हा त्याला तिच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. बायको स्टँडवर जाऊन आली. चपला काढता काढता म्हणाली, "गर्दी होती, पण खिडकीची जागा मिळाली तिला. दोन केळी दिली, ती तिथंच खाल्ली."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," बायको म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.