पाकीट नंबर दोनशे चाळीस

"तीन नाही, सतरा!"

वहीबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडली की लॅबमध्ये आपण एकटीच आहोत हे बरं झालं, असं तिलाच वाटलं. डाव्या हाताचं बोट वहीवर, उजव्या हाताचं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पाकीट नंबर दोनशे चाळीस. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं, पेरल्यापासून कोंब यायला दिवस सतरा. पडद्यावर दिवस तीन.

तिने चष्मा पुसला. चष्मा पुसून आकडे बदलत असते तर आणखी काय हवं होतं! दोनशे एकोणचाळीस पाहिलं. वहीत चौदा, पडद्यावर तीन. दोनशे अडतीस. वहीत सोळा, पडद्यावर पुन्हा तीन.

बाहेरच्या परीक्षकांनी एक बारीकशी मागणी केली होती. खारट मातीतून आणलेल्या बियांच्या पाकिटांच्या मूळ नोंदी पीएच.डी.च्या व्हायवाला येताना सोबत आणा, एवढंच. व्हायवा सोमवारी, आज गुरुवार. वहीबाईला हे काम म्हणजे किस झाडकी पत्ती. तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. लॅबमध्ये कुणी शिंकलं तरी ती तारीख घालून लिहून ठेवील, असं सगळे म्हणत. सहा वर्षांत सोळा वह्या. पण आकडे एकदा कॉम्प्युटरवर चढले की वही उघडतो कोण?

तिने अख्खी फाइल पाकिटांच्या नंबराप्रमाणे लावली आणि वरपासून वाचत गेली. एकोणीस, एकोणीस, अठरा, अठरा, अठरा, सतरा. आकडे जिना उतरावा तसे खाली उतरत होते, थेट तीनपर्यंत. एकही पायरी चुकलेली नाही. दोनशे चाळीस पाकिटांतलं बी काय आपापसात ठरवून उगवतं?

आणि मग तिला तो फोन आठवला.

तीन वर्षं झाली त्याला. तिचे गाइड असलेले सर कुठल्याशा मीटिंगमध्ये होते. "सगळ्यात उशिरा उगवलेल्याला किती दिवस लागले? एका मिनिटात सांग." तिने दिवसांचा तेवढा एकच रकाना निवडला, मोठ्यापासून लहानाकडे लावला, वर एकोणीस दिसलं ते सांगितलं आणि फाइल बंद केली. बंद करताना कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा, बदल ठेवायचे का? ती म्हणाली, ठेव बाबा. दिवस हलले, पाकिटांचे नंबर जागच्या जागी राहिले. याचे दिवस त्याच्या नावावर, त्याचे आणखी कुणाच्या. पाकिटांचे नंबर तिने गोड मातीपासून खारट मातीपर्यंत चढत दिलेले, म्हणून लहान आकडे सगळे खारट मातीच्या पदरात पडले.

खारट मातीतलं बी लवकर उगवतं! केवढा गाजावाजा झाला होता. "तीस वर्षांत एवढा स्वच्छ आलेख बघितला नाही," सर म्हणाले होते. बघतील कसा? तो बियांनी काढलेलाच नव्हता. त्यावर पेपर छापला गेला, सरांना मानाचं पदक मिळालं, वहीबाईचा थिसिस उभा राहिला आणि गेल्या महिन्यात तिच्या हातात कायमच्या नोकरीचं पत्र पडलं. डिग्री मिळताच रुजू व्हा. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आठ ठिकाणी तासांवर शिकवून झाल्यावर.

फोन वाजला तशी ती दचकली. आई होती.

"सोमवारी किती वाजता यायचं गं? शेजारच्या काकूही येणार म्हणतायत. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर होतेय पण सुई टोचणारी नव्हे. तर म्हणतात, मग गुडघ्याचं काय सांगणार ती?"

"आई, नंतर बोलते."

"जेवलीस का?"

"नंतर गं!"

तिने वही उचलली आणि सरांच्या खोलीकडे निघाली.

"या वहीबाई! सोमवारचं पाठ झालं?" सर खुशीत होते. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तो आलेख चौकटीत लावलेला होता.

तिने वही त्यांच्या पुढ्यात ठेवली, शेजारी छापलेला तक्ता ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. सर वाचत गेले. आधी हसू गेलं, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हे टेबलावर मूठ आपटणार, आपली सालटी काढणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. या माणसाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक बी हरवलं तरी हरवलं असं लिहायचं.

सरांनी चष्मा काढला. "हे आणखी कुणी पाहिलंय?"

वहीबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय सर?"

"दार लाव. कुणी पाहिलंय का?"

"नाही."

"मग सोमवार होऊ दे. वही सापडत नाही म्हणून सांग. डिग्री घे, रुजू हो, पुढचं मी सावकाश बघतो. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आकडे पुन्हा तपास, असंसुद्धा ते म्हणाले नाहीत! सकाळच्या धक्क्याहून हा मोठा होता. सकाळी फक्त आकडे गेले होते.

"पण सर, धाकटी आज सोडून चाललीय."

धाकटी म्हणजे लॅबमधली सगळ्यात नवी. दोन वर्षं झाली तरी नवीच. खारट मातीतलं बी लवकर का उगवतं, हे तिला शोधायचं होतं, आणि मुळात तिचं बी लवकर उगवतच नव्हतं. घरी तीन वर्षांची मुलगी, नवऱ्याची फिरतीची नोकरी, आणि इथे ट्रेवर ट्रे वाया. सगळे म्हणत, हिच्या हाताला गुण नाही. सगळ्यांच्या आधी वहीबाई म्हणे.

"ती कधी ना कधी जाणारच होती," सर म्हणाले. "तिला जमत नव्हतं."

"तिचं बरोबर येत होतं, सर. मीच तिला चुकीची ठरवत होते."

तिने वहीला हात घातला. ती त्यांनी हातांनी दाबून धरली होती, ओढून घ्यावी लागली. सहा वर्षांत सरांच्या हातातून तिने कधी काही ओढून घेतलं नव्हतं.

मागच्या खोलीत धाकटी मोरीपाशी ट्रे घासत होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"दहालाच फॉर्म देऊन आले, ताई," ती मागे न वळता म्हणाली. "ट्रे तेवढे स्वच्छ करून ठेवते. पुढच्याला बरे."

"नळ बंद कर. माझं ऐक."

वहीबाईने सांगितलं. त्या फोनपासून सगळं सांगितलं. धाकटी ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"चेष्टा करताय का?"

"तुझी वही काढ."

पिशवीच्या तळातून वही निघाली. दोन्ही वह्या ओट्यावर शेजारी शेजारी उघडल्या. खारट मातीची शेवटची पाच पाकिटं. वहीबाईचे आकडे सतरा, चौदा, सोळा, पंधरा, सतरा. धाकटीचे सोळा, चौदा, सोळा, पंधरा, सतरा. धाकटीने पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच. तिसऱ्या पानावर तिचं ओलं बोट थांबलं आणि शाई पसरली.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"पहिल्या ट्रेपासून."

"मागच्या वर्षी पोरगी तापाने फणफणत होती, तिला शेजारी टाकून मी इथे पाणी घालायला आले होते. तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात, आठवतंय?"

वहीबाईला आठवत होतं. ते तिने वहीत लिहिलं नव्हतं, तरी आठवत होतं. "पाणी मोजायची अक्कल नाही, तू भांडीच घासावीस, असं म्हणाले होते."

धाकटीने घासलेल्या ट्रेंकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. वहीबाई पुढे झाली, पण धाकटीने हात वर करून तिला लांबच ठेवलं.

फॉर्म परत घ्यायला दोघी गेल्या तेव्हा ऑफिसातला हेडक्लार्क फॉर्मांच्या गठ्ठ्यावर शिक्के मारत होता. "सकाळी द्यायचा आणि दुपारी परत मागायचा? ही काय भाजी मंडई आहे? आणि परत मागायला कारण लागतं. लेखी."

"कागद द्या," वहीबाई म्हणाली.

तिने उभ्यानेच लिहिलं. माझ्या थिसिसमधले आकडे माझ्या हातून चुकीच्या पाकिटांवर गेले आहेत. सोमवारची व्हायवा रद्द करावी. छापलेला पेपर मागे घेण्याबद्दल मी आजच कळवत आहे. मला ज्या विद्यार्थिनीच्या नोंदी चुकीच्या वाटत होत्या तिच्या नोंदी बरोबर आहेत, तरी तिचा फॉर्म परत द्यावा. खाली सही केली. तिची सही नेहमी सरळ असायची. ही उतरत गेली.

हेडक्लार्कने वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "बाई, हे कुणी लिहायला लावलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"आणि नोकरीचं पत्र आलं होतं ना तुम्हाला? माझ्याच हातून गेलं ते."

"आलं होतं."

"सरांची सही?"

"सरांना सांगून आलेय. सही माझी आहे."

तीस वर्षं शिक्के मारणाऱ्या त्या माणसाने हातातला शिक्का खाली ठेवला. मग त्याने गठ्ठ्यातून फॉर्म ओढून काढला आणि धाकटीपुढे सरकवला. वहीबाईच्या अर्जावर शिक्का मारला, पण नेहमीसारखा दाणकन नाही.

बाहेर येऊन वहीबाईने आईला फोन लावला. "आई, सोमवारी येऊ नकोस. काकूंनाही सांग."

"का गं? पुढे गेलं का?"

"हो. बरंच पुढे गेलं."

आई म्हणाली, "जेवली नाहीस ना अजून?"

मागच्या खोलीत धाकटीने पिशवी ओट्याखाली सरकवली होती. एक धुतलेला ट्रे पुसून तिने त्यात माती भरली, दोनशे चाळीस नंबरच्या पाकिटातलं उरलेलं बी ओळीने टोचलं आणि मातीवरून हात फिरवला. वहीबाई दाराशी उभी होती. नोकरीचं पत्र अजून पर्समध्येच होतं.

"पाणी मी घालू?" तिने विचारलं.

धाकटीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग मोजपात्र तिच्या हातात दिलं.

"मोजून घाला, ताई."

वहीबाईने मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं, पाणी रेघेवर आल्याची खात्री केली, आणि ते धाकटीलाही दाखवलं.