वाकडे गोळे

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, माझ्या पोटात माणसांचे मेंदू वाढले आहेत. एवढ्यावर लगेच हात जोडू नका. मेंदू म्हणजे मसुराएवढे पांढरट गोळे. त्यांनी जन्मात एकही विचार केला नाही. प्रयोगशाळेत त्यावरून कुणाला कमी लेखत नाहीत.

माझं काम साधं. सदतीस अंश ऊब द्यायची आणि दार घट्ट मिटून ठेवायचं. बारा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं.

माझी निगा राखायच्या त्या तंत्रज्ञ बाई. त्यांचा धाकटा भाऊ फिट्सनी बेजार. त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली, तिच्यातल्या पेशींना पुन्हा बाळपणात नेऊन मूळपेशी केलं आणि त्यांचे गोळे माझ्यात वाढवले. नवं औषध आधी त्यांच्यावर बघायचं होतं. भाऊ एकदा आला, काचेला नाक लावून म्हणाला, "तायडे, यातला हुशार कोणता गं?"

"तुझ्याहून सगळेच."

पण गोळे एकसारखे होईनात. तुलनेसाठी वाढवलेले निरोगी माणसांचे गोल, भावाचे निम्मे वेडेवाकडे. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा नियम होता, मोजण्याआधी वाकडे काढून टाकायचे.

"सर, वाकडे याच्याच पेशींतून निघतात. आजारच तो असला तर?"

"मॅडम, पेशींना कशाला बोल लावता? हात थरथरतो म्हणा की."

बाईंचा हात वीस वर्षांत थरथरला नव्हता. त्यांची नेमणूक दरवर्षी सरांच्या सहीनं वाढायची. मग रोज सकाळी भाऊ थोडा थोडा कचऱ्याच्या पिशवीत जाऊ लागला.

उरले ते मोत्यासारखे. सरांचा शोधनिबंध छापून आला. माझ्या दाराला टेकून त्यांनी फोटो काढला, त्यात मी अर्धाच आलो. औषध दिल्यावर एकही गोळा बिघडलेला दिसला नाही. आधीही दिसत नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही. औषध गुणकारी ठरलं आणि माणसांवरच्या चाचणीत पहिल्यांदा ते भावालाच मिळालं. बाईंनीच त्याला संमतीपत्रावर सही करायला लावली.

आता नवा इन्क्युबेटर आला आहे. मी बोळात उभा असतो, माझ्यात ओल्या छत्र्या ठेवतात. मित्रांनो, जुन्या यंत्रांची हेळसांड करू नका. दाराचं रबर पुसत जा. आणि काही फेकण्याआधी पिशवीत एकदा डोकावत जा.

भावाला औषध सुरू होऊन पाच महिने झाले. मंगळवारी त्याला दोन फिट्स आल्या.