सर्जेरावांच्या दारातला डांबरी रस्ता

मी खालून बोलतोय, तुमच्या चपलांच्याही खालून. पुंडलिकनगरात सर्जेरावांच्या बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत गेलेला चाळीस फुटांचा डांबरी रस्ता मी. सर्जेराव मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत आणि आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज आहे.

मला घातलं शफीकभाईंनी. रोलर फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, लई सोपं हाय. झाडू मारत जा, पाणी साचू देऊ नका. आन् डिझेल तर अजिबात नको, डांबर इरघळतं त्यानं." सर्जेरावांनी मान डोलावली. तेव्हा ते फोनवर बोलत होते.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या जुन्या जीपचं ऑइल माझ्यावर गळलं. साबणाचं पाणी आणि थोडी घासाघीस, एवढ्यात काम झालं असतं. पण साहेबांनी डिझेल ओतलं आणि तारेच्या ब्रशनं तासभर घासलं. "बघ मंजुषा, डाग गेला!" ते बायकोला म्हणाले. डाग गेला खरा, पण त्याच्याबरोबर माझं डांबरही गेलं आणि खडी उघडी पडली.

मंजुषाबाईंची तऱ्हा वेगळीच. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं. ते आलं रे आलं, की भरून ठेवलेलं चांगलं पाणी एका क्षणात शिळं होतं आणि ड्रमच्या ड्रम माझ्यावर रिकामे होतात. आठ दिवस तांब्या-तांब्यानं काटकसर, आणि नळाच्या दिवशी मला अभ्यंगस्नान! ते पाणी उघड्या खडीत मुरलं आणि खड्डा पडला. अशा स्वच्छतेची मला शिसारी येते.

काल शफीकभाई आले. मला वाटलं, सुटलो. त्यांनी गुडघ्यावर बसून खड्ड्याची कड बोटांनी चाचपली. "टिकंल साहेब. सुकू द्या, कडा कापून नवा माल भरतो. दोन दिवसांचं काम हाय."

"नको, उखडूनच टाका. ब्लॉक बसवू. तुमचं डांबराचं कामच कच्चं निघालं."

शफीकभाई उठले. त्यांनी हात पुसले. "चांगला रस्ता तोडायला मी नाय येत साहेब. दुसरा माणूस बघा."

दुसरा माणूस दहा मिनिटांत मिळाला. आता फाटकाबाहेर मला फोडायचं ब्रेकर मशीन उतरवतायत. मला भीती वाटतेय, हे कबूल करतो. पण या नवरा-बायकोपुढे गयावया करणार नाही. विनंती आहे ती तुम्हाला. तुमच्या दारात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्यावर आठवड्यातून एकदा झाडू फिरवा. त्याहून जास्त काळजी घेऊ नका.