दोष आढळला नाही

"गाडीत काही नाही." मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "सुरू कर आणि स्वतःच ऐक. एका सुरात चाललीय."

"इथे चालणारच हो ती," लांबणकर म्हणाला. "बघायला पाहुणे आले की घरातलं द्वाड पोरगं कसं गुणी होतं, तसं आहे हिचं. चढावर चला, मग दाखवते रंग."

लांबणकर हे त्याचं आडनाव नव्हतं. साध्या पंक्चरची हकिगत तो अर्धा तास सांगायचा, म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की हजेरीच्या वहीतलं खरं आडनाव वाचताना कारकून अडखळायचा. अकरा वर्षं तो आरोग्य खात्याची ही डिझेलची पिकअप चालवत होता. लसींच्या पेट्या, पेट्यांत बर्फ, आणि डोंगरावरची सात केंद्रं. त्याच्या गोष्टींत दरी दर वेळी थोडी खोल व्हायची आणि वाटेत आडवं आलेलं जनावर थोडं मोठं. लोक हसत, ऐकत, आणि त्यातलं निम्मं सोडून देत.

मिस्त्रींचं बरोबर उलटं. ते दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत असतील, पण त्यांनी दुरुस्तीच्या कार्डावर जे लिहिलं त्यावर पुन्हा कुणी बोट ठेवत नसे. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एकेक पाना पुसून जागच्या जागी ठेवायचा, हा त्यांचा नेम. फाटकावर त्यांच्याच हातानं रंगवलेली पाटी होती: 'गाडी रिकामी करून व धुऊनच आत आणावी.' फार वर्षांपूर्वी भरलेली गाडी जॅकवरून घसरली आणि एका सोबत्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून ती पाटी.

पिकअप या महिन्यात तिसऱ्यांदा आत आली होती. तक्रार तीच. मध्येच पिवळा दिवा लागतो, गाडीचा दम जातो, मग ती बैलगाडीच्या चालीनं सरकते. तपासणीचं यंत्र जोडलं की पडद्यावर कोडही तोच यायचा: रेल प्रेशर सेन्सर, संकेत कमी. इंजिनावर एक जाड नळी असते, तिच्यातून चारही इंजेक्टरना डिझेल वाटलं जातं. त्या नळीतला दाब सेन्सर सांगतो. दाबाचा भरवसा राहिला नाही की गाडी स्वतःच स्वतःला आवरून घेते. पहिल्या वेळी मिस्त्रींनी सेन्सर बदलला. दुसऱ्या वेळी त्याचा कनेक्टर. दोन्ही वेळा आवारात चार फेऱ्या मारल्या आणि कार्डावर लिहिलं, 'चाचणीत दोष आढळला नाही.' आज बदलायलाही काही उरलं नव्हतं. मीटर लावून तिन्ही वायरी तपासल्या, सगळं जिथल्या तिथे. ते पुन्हा तेच चार शब्द लिहायला बसले.

"मिस्त्री, जरा थांबा." लांबणकरचा आवाज एकदम उतरला. "हे तिसरं कार्ड गेलं ना, की मी गेटवर पहाऱ्याला. वाहन खात्याच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. डोंगरावर जायचा कंटाळा म्हणून मी बहाणे करतो, असं वर गेलंय. दोन वेळा लस उशिरा पोचली. बायका तान्ही पोरं घेऊन उन्हात बसलेल्या. मला काय बरं वाटलं असेल का?"

"मी जे दिसलं ते लिहितो."

"लिहा की. पण मी पण जे झालं तेच सांगतोय. तिसऱ्या वळणाच्या पुढे, दुसरा गिअर, काटा बत्तीसवर. बरोबर बत्तीस! आणि खाली दरी म्हणाल तर—"

"दरी राहू दे."

कोड पुसण्यासाठी मिस्त्रींनी बटणावर अंगठा ठेवला, आणि कुणास ठाऊक का, न दाबता एक पान मागे गेले. कोड पडला त्या क्षणाची नोंद यंत्र ठेवून घेतं. त्यांना ते माहीत होतं, पण कोड समोर असताना ते पान उघडण्याची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. पडद्यावर आकडे होते. इंजिनावरचा भार, शंभरात चौऱ्याण्णव. वेग, बत्तीस.

ते त्या बत्तीसकडे बघत राहिले.

"भरलेली असतानाच होतं?"

"भरलेली आणि चढावर. पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय! आणि तुम्ही तिला फाटकाबाहेर रिकामी करता, न्हाऊमाखू घालता, मग आत घेऊन विचारता, बाई गं, तुझं काय दुखतं?"

मिस्त्रींनी पेनाला टोपण लावलं. "उद्या किती वाजता निघतोस?"

घरी त्यांची बायको दिवसाचा पहिला तास मौन पाळायची. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं हा नेम धरला, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. सकाळचा तास ती बोलत नसे, उरलेला दिवस ते बोलत नसत, त्यामुळे घरात भांडणाला सवड अशी फारशी मिळालीच नाही. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तुझा नेम कधी मोडला का गं?"

"मोडला की. धाकटा पलंगावरून पडला तेव्हा किंचाळले नव्हते का मी!"

"मग काय केलंस?"

"काय करायचं? मोडला हे मनाशी कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी परत धरला. मोडलाच नाही असं म्हणत बसले असते तर तो नेम कसला, नुसता तोरा." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का हो? काय मोडणार आहात?"

"उद्या भरलेल्या गाडीला हात लावणार आहे."

सकाळी निघताना, तोंडातून शब्द न काढता, तिनं डब्यात दोन माणसांचं जेवण भरून दिलं.

पेट्यांनी गच्च भरलेली पिकअप चढाला लागली तेव्हा मिस्त्री यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. सेन्सरचा आकडा इंजिनाबरोबर वरखाली होत होता. लांबणकर आज चक्क गप्प होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"आज नाही झालं तर, मिस्त्री?"

"समोर बघ."

तिसरं वळण घेऊन गाडी सरळ झाली, चढ छातीवर आला आणि लांबणकरनं दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. आकडा वाढत वाढत तीन व्होल्टच्या वर गेला आणि एकदम शून्य. पिवळा दिवा लागला. गाडीनं मान टाकली.

"आली! आली!" लांबणकर स्टिअरिंगवर थाप मारून ओरडला. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली आत्या दारात उतरावी, तसा आनंद त्याच्या तोंडावर फुलला होता. मग त्याचं त्यालाच ते जाणवलं. "म्हणजे... वाईटच झालं तसं. पण आली बघा."

गाडी कडेला घेऊन त्यांनी चारी चाकांना दगड लावले. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. आत सगळं आवारात होतं तसंच. आकडाही परत जागेवर आलेला. ते बाजूला उभे राहिले.

"ब्रेक गच्च धर. इंजिन चालू. पहिला गिअर टाक आणि क्लच अगदी थोडा सोड, गाडी ओढ घेईल पण हलणार नाही इतपत."

क्लच सुटला तसं इंजिन आपल्या रबरी बैठकीवर एका अंगाला कललं. बोटभर, जास्त नाही. त्याच्याबरोबर सेन्सरच्या वायरींचा जुडगा ताणला गेला, तारेसारखा सरळ झाला आणि लोखंडी पट्टीच्या कडेवर जाऊन टेकला. तिथे काळं आवरण घासून गेलं होतं. आतलं तांबं चमकत होतं.

"दिसलं का काही?" आतून लांबणकरनं विचारलं.

दिसलं होतं. तांब्याच्या आधी त्यांना बांधणी दिसली होती. चार प्लॅस्टिकच्या टाय, चौघींची डोकी एकाच दिशेला, जादा टोकं मुळापासून कापलेली, वायर कुठे केसभरही सैल नाही. असं बांधणारं खात्यात दुसरं कुणी नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी इंजिनाची रबरी बैठक बदलली तेव्हा या वायरीला मध्ये एक सैल झोळ होता. तो त्यांच्या डोळ्यांना खुपला. झोळ काढून त्यांनी ती नीट, सुरेख बांधून टाकली. इंजिन हलतं, गाडीचा सांगाडा हलत नाही, म्हणून त्या दोघांच्या मधली वायर सैलच हवी. शिकायला आलेल्या प्रत्येकाला हे त्यांनीच सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी सेन्सर तपासला, कनेक्टर तपासला, वायरीची दोन्ही टोकं तपासली. मधला तुकडा स्वतः बांधलेला, तो काय तपासायचा?

"मिस्त्री? पाय भरून आला इथे!"

"बंद कर."

लांबणकर खाली उतरेपर्यंत त्यांनी पक्कडीनं चारही टाय कापून खिशात टाकल्या होत्या. उघड्या जागी ते टेप गुंडाळत होते.

"काय होतं हो?"

"वायर ताणून बांधलेली. चढावर घासायची."

"च्यायला! कुणी बांधली अशी? कुठल्या गाढवानं?"

मिस्त्रींनी टेपचा शेवटचा वेढा दिला, दातानं तोडला.

"मी."

लांबणकर चाकांचे दगड काढायला गेला. एकेक दगड त्यानं कडेला नीट रचून ठेवला, आणि सातवं केंद्र येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. डब्यातली दुसरी पोळी मात्र त्यानं विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्ड दोनदा वाचलं. वाहनांचं खातं त्यांच्याकडे होतं. माणूस कडक, पण उगाच वाकडा नव्हे.

"'वायर घासली होती, दुरुस्त केली.' एवढं पुरतं की मिस्त्री. खाली 'बांधणारा: मी' कशाला?"

"मीच बांधली होती."

"अहो, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. तीस वर्षांत तुमच्या नावावर एक शेरा नाही. हे असं आलं तर मला पुढे पाठवावं लागेल. शेरा बसेल."

"बसू दे."

"त्याला मी गेटवर पाठवत नाही, मग तर झालं?"

"मॅडम, त्याच्या फायलीत माझी कार्डं आहेत. ती तिथे आहेत तोवर तो खोटाच." त्यांनी टेबलाकडे हात पुढे केला. "ती द्या जरा."

मॅडमनी फाईल सरकवली. मिस्त्रींनी जुनी दोन कार्डं काढली. 'आढळला' या शब्दावर त्यांनी पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शोधला'. खाली सही, तारीख. मग दुसऱ्या कार्डावरही तेच. मॅडम बघत राहिल्या. शेवटी त्यांनी फाईल ओढून घेतली आणि बांधून टाकली.

दुपारी चहाच्या वेळी वर्कशॉपच्या दारात घोळका जमला होता. मधोमध लांबणकर. मिस्त्री आत पिकअपच्या इंजिनावर वाकलेले, जुन्या वायरीच्या जागी नवी घालत होते. आवाज सगळा आत येत होता.

"...आणि खाली दरी! पाचशे फूट, एक इंच कमी नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आणि आत काय? उंदीर! असा," त्यानं हात पसरले असणार, कारण हशा पिकला, "मांजराएवढा उंदीर! वायर कुरतडत बसलेला. मिस्त्रींकडे बघून पळाला सुद्धा नाही बेटा."

"लांबणकर, मागच्या महिन्यात हाच उंदीर कोल्हा होता ना रे?" कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला खरं सांगून उपयोग नाही."

मिस्त्री हात पुसत दारात आले. हसणं आपोआप ओसरलं.

"उंदीर नव्हता," ते म्हणाले. "वायर मी चुकीची बांधली होती. हा तीन वेळा खरं सांगत होता. मी ऐकलं नाही."

कपातला चहा कुणी पिईना. लांबणकरनं मान खाली घातली, मग वर केली.

"काय हो मिस्त्री," तो म्हणाला, "चांगली रंगात आलेली गोष्ट बिघडवलीत."

मिस्त्री आत परतले. नवी वायर बसली होती. इंजिन आणि सांगाडा यांच्या मध्ये त्यांनी वीतभर झोळ सोडला होता. तो वेडावाकडा लोंबत होता, नजरेला खुपत होता. त्यांचा हात सवयीनं टायच्या पुडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. झोळ तसाच ठेवून त्यांनी हलकेच बॉनेट लावलं, आणि लांबणकरला हाक मारली, "भर पेट्या. इथे आतच भर."