सुरभीच्या नावाची चावी

कर्जतमधल्या एका संस्थेत सुरभी संगणकाचं काम बघायची. जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली म्हातारी माणसं आपण कसत आलेल्या जंगलजमिनीबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलत, ते सगळं संस्थेच्या सर्व्हरवर साठायचं. वनहक्काच्या दाव्यांना तोच मोठा आधार.

त्याची प्रत रोज दुपारी आपोआप पुण्याच्या सर्व्हरवर जाईल, अशी सोय सुरभीने केली. कार्यालयात पासवर्ड भिंतीवर चिकटवायची सवय, म्हणून तिने पासवर्डच काढून टाकला आणि डिजिटल चावी बसवली. एक फाइल इथे, तिची जोड पुण्यात. दोन्ही जुळल्या तरच आत शिरता येई. घाईत ती चावी तिने स्वतःच्या खात्यावर बनवली. पुढे बॅकअपसाठी वेगळं खातं करायचं राहूनच गेलं.

सुरभीचा पगार ज्यातून निघे तो प्रकल्प मार्चमध्ये संपला आणि तिची नोकरी गेली. व्यवस्थापक मनोजने नियमाप्रमाणे त्याच दिवशी तिचं खातं बंद केलं. त्यासोबत चावीही गेली. बॅकअप होत नसल्याचा इशारा रोज निघे आणि तिच्याच बंद मेलवर जाई.

मे महिन्यात संस्थेच्या लोकांनी वाडीतल्या म्हाताऱ्या कमळ्याचं बोलणं कॅमेऱ्यात टिपलं. ऑगस्टमध्ये तो वारला. ऑक्टोबरात वीज पडून सर्व्हर जळाला. पुण्यात मार्चपर्यंतचंच सापडलं.

मनोजने सुरभीला फोनवर सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "सिस्टीम तुमचीच होती, मॅडम."

"आणि खातं बंद करताना एकदा विचारलं असतंत तर?"

त्याने फोन ठेवला.

सुरभी स्वतः वाडीवर गेली. कमळ्याचा मुलगा धाऊ ओट्यावर बसला होता. तिने चावीचं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

"बा दोन तास बोलला व्हता," धाऊ म्हणाला. "कोणतं झाड कुणी लावलं, बांधाचा दगड कुठं. मला तेवढं ठावं नाय."

"गावात आणखी कुणाला?"

"व्हते ते गेले."

महिन्याभराने कमळ्याच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी झाली. सुरभी धाऊसोबत गेली. कमळ्याचं बोलणं तिने ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्या सांगण्याला किंमत नव्हती. धाऊने येत होतं तेवढं सांगितलं, चार-पाच वाक्यं. दावा फेटाळला गेला.

बाहेर तिने त्याला चहा विचारला. "नको," म्हणाला आणि वाडीकडे जाणाऱ्या टेंपोत चढला. येताना दोघं बरोबर आले होते; आता मात्र तिला टेंपोत बसायला त्याने सांगितलं नाही.